गाणारं यंत्र आणि नागसेनाचा रथ

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात, आपल्या ‘क्लिंग क्लांग’ स्टुडिओत, ‘क्राफ्टवेर्क’ या बँडच्या चौघांनी 1978 साली एक अल्बम पुरा केला : ‘द मॅन-मशीन’. सहा गाणी, जेमतेम 36 मिनिटं. गिटार नाही, कातड्याचा ड्रम नाही. पहिल्याच गाण्यात एक आवाज ‘आम्ही यंत्रमानव आहोत’ असं सांगतो, आणि तो माणसाच्या घशातून आला असेल यावर कान विश्वास ठेवत नाही. मग हा आवाज आहे कोणाचा?

प्रश्न तांत्रिक वाटतो, म्हणून आधी तंत्र पाहू. या आवाजामागे व्होकोडर नावाचं उपकरण आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी ते टेलिफोनसाठी विकसित केलं. बोलणाऱ्याचा आवाज वारंवारतेच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागायचा, प्रत्येक पट्ट्यात क्षणाक्षणाला किती जोर आहे तेवढं मोजायचं आणि पलीकडे फक्त ती मापं पाठवायची. तिकडचं यंत्र त्या मापांवरून बोलणं पुन्हा उभं करतं. दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यातली गुप्त संभाषणं याच तत्त्वावर चालत होती. क्राफ्टवेर्कने ही मापं सिंथेसायझरच्या सुरावर चढवली. उच्चार ओठांचे, सूर विजेचा. गायकाच्या गळ्याचा पोत, ज्यावरून आपण घरच्या माणसाला फोनवर ‘हॅलो’ म्हणताच ओळखतो, तो मधल्यामध्ये नाहीसा झाला.

आता या आवाजात गाणारा शोधायचा कुठे? पट्ट्यांत? मोजमापांत? विजेच्या कंपनांत?

युरोपात हा वाद जुना आहे. सतराव्या शतकात तत्त्वज्ञ देकार्तने प्राण्यांना निव्वळ यंत्रं ठरवलं आणि आत्मा माणसापुरता राखून ठेवला. पुढे ला मेत्री या फ्रेंच वैद्याने तीही सवलत काढून घेतली. हॉलंडमधल्या लायडन इथे 1747 साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाचं नावच ‘मानव-यंत्र’ असं होतं. त्यापायी त्याला हॉलंड सोडावं लागलं आणि प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने त्याला आसरा दिला. क्राफ्टवेर्कच्या अल्बमचं शीर्षक जवळजवळ तेच आहे. पण देकार्त आणि ला मेत्री या दोघांचाही प्रश्न एकच : आत कोणी आहे की नाही? एकाचं उत्तर ‘आहे’, दुसऱ्याचं ‘नाही’.

या अल्बमचा ध्वनी समजून घ्यायला ‘मिलिंदप्रश्न’ हा पाली ग्रंथ अधिक कामाचा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा तो संवाद. (बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ आणि त्याच्या परिसराला ‘नागसेनवन’ हे नाव त्यातूनच मिळालं.) राजा रथातून आलेला असतो. नागसेन विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? सगळ्याला राजा नकार देतो. म्हणून रथ खोटा ठरतो का? तसंही नाही, कारण राजा त्यातूनच आला आहे. भाग एकत्र आले की व्यवहारात त्याला रथ म्हणतात. ‘नागसेन’ हे नावही त्याच अर्थाने खरं. त्याच्याआड कायमचा कोणी मालक बसलेला नाही.

व्होकोडर हेच कानांना ऐकवतो. आवाजाचे भाग सुटे करा, गायक कुठल्याच भागात सापडत नाही. भाग जोडा, गाणं उभं राहतं आणि ऐकणाऱ्याला हलवतं. अल्बमच्या शेवटच्या गाण्यात शीर्षकाचे दोन शब्द एकावर एक चढत्या सुरांत रचले जातात. तिथे माणूस कुठे संपला आणि यंत्र कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही, आणि सांगायची गरजही उरत नाही.

व्यवहाराला मात्र मालक लागतो. याच बँडच्या ‘मेटाल आउफ मेटाल’ या 1977 सालच्या रचनेतला सुमारे 2 सेकंदांचा ठोका एका जर्मन निर्मात्याने 1997 साली आपल्या गाण्यासाठी उचलला. क्राफ्टवेर्कने खटला भरला. तो दोन दशकांहून अधिक काळ चालला आणि युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. यात ढोंग पाहणं चूक ठरेल. नागसेनाला हाक मारली की तोही ओ देत होता. रोजच्या वापरातलं नाव आणि अंतिम सत्य या दोन पातळ्या बौद्ध परंपरेनेही वेगळ्या ठेवल्या आहेत.

हे संगीत थंड, निर्जीव आहे अशी तक्रार वारंवार होते. ती या अल्बमला लागू पडत नाही. त्यातल्या तालामागे हात आहेत : बँडमधले कार्ल बार्टोस आणि वोल्फगांग फ्लुअर धातूच्या काड्यांनी इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवत, आणि बार्टोस तर अभिजात तालवाद्यांचं रीतसर शिक्षण घेतलेले. ‘निऑन लाइट्स’ या जवळपास 9 मिनिटांच्या गाण्यात बँडचे गायक राल्फ ह्युटर व्होकोडरशिवाय, साध्या आवाजात रात्रीच्या शहराबद्दल गातात. थोड्या वेळाने तेही थांबतात आणि उरलेला बराच वेळ सिंथेसायझरच गात राहतो. गाणारा निघून गेला तरी त्या सुरातला जिव्हाळा कमी होत नाही. माझ्या मते अल्बममधला हा सर्वांत सुंदर भाग, आणि अनात्म, म्हणजे आत कायमचा कोणी मालक नाही, या विचाराची एरवी वाटणारी धास्तीही इथे वाटत नाही.

फ्लुअर 1987 मध्ये बँडमधून बाहेर पडले, बार्टोस 1990 मध्ये, पुढे सहसंस्थापक फ्लोरियान श्नायडरही. श्नायडर 2020 साली वारले. हा अल्बम करणाऱ्या चौघांपैकी आज मंचावर फक्त ह्युटर आहेत, आणि बँडला लोक क्राफ्टवेर्कच म्हणतात. ज्यांनी हा अल्बम अजून ऐकलेला नाही त्यांनी यंत्रमानवाच्या पहिल्या गाण्यापासून सुरुवात करू नये. पाचवं गाणं, ‘निऑन लाइट्स’, आधी ऐकावं आणि शेवटपर्यंत ऐकावं.