स्वभाव आणि उपाधी

वस्तूचा स्वभाव कोणता व उपाधी कोणती, हा वेदान्तातला प्रश्न गणितातही उभा राहतो. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या स्वयंभू संख्या पाहा. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी येत नाही, ती स्वयंभू; उदाहरणार्थ, ५३. परंतु ० आणि १ या दोनच अंकांनी लिहू लागलो, तर ५० लिहिताना १ तीनदा येतो, आणि ५० व ३ मिळून ५३ होतात. लेखनपद्धती पालटताच स्वयंभूपण गेले!

५३ चे मूळसंख्यापण मात्र ढळत नाही. तितके खडे एकेरी रांगेवाचून समान रांगांत मांडताच येत नाहीत. मग ते कोणत्याही अंकांनी मोजा. फ्रेंच गणिती ल्यूका याने १८७६ साली मूळ ठरविलेली '२ चा १२७ वा घात उणे १' ही प्रचंड संख्या दशमान पद्धतीत ३९ अंकी, द्विमान पद्धतीत ओळीने १२७ एके. मूळ ती दोहोंकडे सारखीच.

उपाधी खोटी नव्हे. कापरेकरांनी तिच्यातलेही सौंदर्य दाखविले. तिलाच स्वभाव मानणे, हा भ्रम होय. कुल, पदवी, प्रतिष्ठा ही समाजाने आपल्याला लिहिण्याची पद्धती आहे. ती पालटल्यावर जे उरेल, तेवढेच आपले.