शिक्र्याची तहान

आपल्या पांढुर्णा-सौसर भागात (२०२३ मध्ये जिल्हा झाला, तरी ऊन तेच!) एप्रिल-मे म्हणजे संत्र्याच्या बागा ताणावर. मृग बहार धरायचा तर झाडाचं पाणी तोडावंच लागतं. पण आळ्यातल्या त्या पाण्यावर पाखरंही जगत असतात. ते आटलं की साळुंक्या, होले, बुलबुल आपल्या परसात उतरतात. चोच उघडी, गळा धडधडतोय, पंख अंगापासून सुटे. पक्ष्याला घाम येत नाही. धापा टाकून तो अंग निववतो आणि त्यातच अंगातलं पाणी गमावतो.

म्हणून आपण पाण्याचं भांडं ठेवतो. पण बायांनो, ते काम वाटतं तितकं निर्दोष नाही. पाणी चार दिवस तसंच राहिलं तर त्यात डासांच्या अळ्या वळवळतात. ओतावं तर हिंसा, ठेवावं तर घरात ताप. पाणी गाळून जिवाणी विहिरीत परत सोडणाऱ्या घरांतल्या आपण! मी रोज दिवस मावळायच्या आत भांडं रिकामं करते, काथ्यानं घासून पालथं घालते, सकाळी गाळलेलं पाणी भरते. हा पेच सोपा होता.

अवघड पेच शिक्र्याचा. सातभाई एकाएकी कलकलाट करू लागले की समजावं, तो कडुनिंबावर आलाय. कधी नुसतं पाणी पिऊन जातो. एकदा चिमणी उचलून गेला. जाऊबाई म्हणाल्या, "काहून ठेवता मंग पाणी? पाखरं गोळा करता अन् त्याच्या तोंडी देता!"

बोलणं वजनदार आहे. दिल्लीला लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजाचं पक्ष्यांचं रुग्णालय आहे. मांसाहारी पक्ष्यांना तिथे दाखल करून घेत नाहीत. बाकीच्या पाखरांच्या जिवाचा विचार करूनच हा नियम. त्याच दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या भावांनी जखमी घारींसाठी दवाखाना चालवला. २०२२ चा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट त्यांच्यावरच आहे. नियमाचं कारण मला कळतं, पण मन त्या भावांकडे जातं.

तत्त्वार्थसूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य अशा चार भावना सांगितल्यात. जो सांगून ऐकणार नाही त्याच्याविषयी माध्यस्थ्य, म्हणजे ना राग ना लोभ. पण शिक्रा तरी हट्टी कुठे आहे? तो भुकेला आहे, आणि त्याची भूक मी निर्माण केलेली नाही. चिमण्या मात्र एका जागी गोळा होतात त्या माझ्या भांड्यामुळे. तेवढा भार माझ्यावर येतोच.

म्हणून दाणे टाकणं मी बंद केलं. दाण्यानं गर्दी होते. भांडं कागदी लिंबाच्या काटेरी झाडापासून चार पावलांवर सरकवलं. पाखराला झटकन आत शिरता येतं, आणि बुडाशी दबा धरलेलं मांजर लांबूनच दिसतं. शिक्र्याला मी हाकलत नाही.

जाऊबाईंना हे पटलेलं नाही. तो दिसला की त्या ताट वाजवतात. मीही त्यांना अडवत नाही.