प्रोटेक्टचा लाल दिवा (गीता, अध्याय 2, श्लोक 62-63)



काल चिंतन लिहायचं राहून गेलं. संध्याकाळभर गाडीत सीटखाली डोकं घालून बसलो होतो. त्यामुळे आजच्या लिखाणाला थोडा ग्रीसचा वास येईल, सांभाळून घ्या.

आजचे श्लोक दुसऱ्या अध्यायातले, 62 आणि 63. स्थितप्रज्ञ माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, असं अर्जुन 54 व्या श्लोकात विचारतो आणि अध्याय संपेपर्यंत भगवंत त्याचंच उत्तर देतात. गांधीजींच्या आश्रमात हा भाग सायंप्रार्थनेत रोज म्हटला जायचा. त्यातले हे दोन श्लोक माणूस घसरतो कसा ते सांगतात. विषयाचा ध्यास, त्यातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतीचा भ्रंश, मग बुद्धीचा नाश, आणि शेवटी माणसाचाच नाश. मोजा, आठ पायऱ्या होतात. क्रोध चौथा आहे. इतकी वर्षं मी हे श्लोक म्हणतोय, पण मोजले काल पहिल्यांदा.

झालं असं. मागच्या शनिवारी अण्णांना घेऊन पुण्याहून गावी निघालो होतो. अण्णांना आता कमी ऐकू येतं. त्यांच्यासाठीच गाडीत अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला होता, भजन नीट ऐकू यावं म्हणून. हळू आवाजात सगळं छान चालायचं. अण्णा म्हणाले, "अरे, जरा मोठं कर की." मोठं केलं. पखवाजाची थाप जोरात पडली आणि गाणं बंद. दोन मिनिटांनी आपोआप चालू. परत "मोठं कर की", परत थाप, परत बंद. असं चार-पाच वेळा झालं. खंबाटकीच्या अलीकडे मी ओरडलो, "अण्णा, किती मोठं करू? तुम्हाला ऐकूच येत नाही त्याला मी काय करू?"

हे मात्र त्यांना नीट ऐकू गेलं. कराडपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.

नंतर मी सॉरी म्हणालो. ते म्हणाले, "असू दे." मी नेहमीच सॉरी म्हणतो आणि ते नेहमीच असू दे म्हणतात.

दुकानदार म्हणाला, अ‍ॅम्प बदला. काल म्हटलं, आधी आपणच बघू. बंद पडला की त्यावर प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो. म्हणजे तो बिघडलेला नसतो, स्वतःला जळण्यापासून वाचवत असतो. फ्यूज बघितला, ठीक. (कुणी मोठ्या अँपिअरचा फ्यूज टाका म्हणालं तर ऐकू नका, वायर जळेल.) स्पीकरच्या वायरी एकेक काढून बघितल्या, कुठे बॉडीला घासत नव्हत्या. हात लावून बघितला, फार गरमही नव्हता. मग मल्टीमीटर काढला. एक टोक अ‍ॅम्पच्या मायनसला, दुसरं लांब वायर जोडून बॅटरीच्या मायनसला. दोन्ही मायनस, म्हणजे मधे जवळजवळ शून्य दिसायला पाहिजे. हळू आवाजात 0.4 दाखवत होता. आवाज वाढवला तसा आकडा चढत 3 च्या पुढे गेला आणि लाल दिवा लागला.

सापडलं! मायनसची वायर सीटच्या बोल्टला जोडली होती, आणि लगच्या खाली रंग होता, थोडा गंजही. तेवढ्या थरात 0.1 ओहमचा जरी अडथळा धरला, तरी 4 अँपिअरला 0.4 व्होल्टच जातात, कळतही नाही. पण थापेसरशी 40 अँपिअर ओढले गेले की 4 व्होल्ट तिथेच खर्च होतात. इंजिन चालू असताना 13.8 असतात, अ‍ॅम्पच्या हाती उरतात 9.8. तो बंदच पडणार. मेकॅनिक लोक या जोडणीला 'अर्थ' म्हणतात. "साहेब, अर्थ कच्चा आहे." असो.

सँडपेपरने रंग घासताना अण्णांचं ते खिडकीकडे वळलेलं तोंड सारखं डोळ्यांसमोर येत होतं. मी राग आला की काय करतो? दहा आकडे मोजतो, पाणी पितो, सॉरी म्हणतो. म्हणजे चौथ्या पायरीवर उभं राहून बटण बंद-चालू करतो. बिघाड तीन पायऱ्या वर आहे.

वर काय आहे ते मला माहीत आहे, आजवर लिहिलं नव्हतं एवढंच. माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. गावी पाठवलेला प्रत्येक रुपया त्यात आहे. घराचा पत्रा, अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, धाकट्या भावाची गाडी. कुणी हिशोब मागितलेला नाही. दर महिन्याला मी ती उघडतो, बेरीज बघतो आणि बंद करतो. विषय म्हटलं की आपल्याला खाणंपिणं, चैन आठवते. माझा ध्यास हा आहे. त्यातून 'माझं' आलं, त्यातून कुणीतरी याची कदर करावी ही इच्छा आली. हळू आवाजात 0.4 व्होल्ट, कुणाला कळत नाही. अण्णांनी दोनदा "मोठं कर" म्हटलं की लाल दिवा.

आणि पुढची पायरी, स्मृतिभ्रंश. एकोणतीसचा पाढा मला येईना तेव्हा याच माणसाने ओट्यावर बसून तो किती रात्री म्हणून घेतला होता. परत म्हण. परत म्हण. एकदाही ओरडले नव्हते. घाटाच्या अलीकडे यातलं मला काहीच आठवलं नाही.

चकचकीत पत्र्यावर लग घट्ट बसवला, वरून ग्रीस लावलं. आता पूर्ण आवाजातही मीटर 0.1 च्या वर जात नाही. रात्री अण्णांना फोन केला, गाडी दुरुस्त झाली म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "काय?" मी परत सांगितलं. "काय म्हणालास?" तिसऱ्यांदा सांगितलं.

शीट अजून डिलीट केलेली नाही. शनिवारी त्यांना आणायला जातोय.

राम कृष्ण हरी.