कानाची साक्ष

आपल्या श्रमानें जी वस्तु सुधारली असें आपणांस वाटतें, ती खरोखरच सुधारलेली असते काय? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु घरांतील ध्वनिवर्धकांच्या, म्हणजे स्पीकरांच्या, निमित्तानें तो आमच्यापुढें उभा राहिला, तेव्हां त्यांत आमच्याच सत्यनिष्ठेची परीक्षा होती हें ध्यानांत येण्यास कांहीं दिवस लागले.

पनवेल हें जुनें गांव. येथील नगरपालिका १८५२ सालची, व २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली. जुन्या घरांतील कोनाडे, खडबडीत भिंती व अंथरुणा-पांघरुणांच्या वळकट्या नाद कांहीं विखुरीत, कांहीं गिळीत. आजच्या इमारतींतील सिमेंटच्या सपाट भिंती व गुळगुळीत फरशी तो बहुतेक सर्व परत फेकतात. अशाच एका खोलींत आम्हीं दोन लहान स्पीकर मांडले. टाळी वाजविली तर खोली झणझणे; गायकाचा स्वर येई तो आपल्याच पडसादांच्या गर्दींतून. नवें यंत्र घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून घरच्या साधनांनींच उपाय आरंभिले.

प्रथम तारा पाहिल्या. एका स्पीकरची तांबडी व काळी तार उलट जोडली गेली होती. त्यामुळें एकाचा पडदा पुढें येई तेव्हां दुसऱ्याचा मागें जाई, व खर्जाचे स्वर परस्परांस मारून टाकीत. हा दोष काढण्यास एक पैही लागली नाहीं. दुसरें, स्पीकर कोपऱ्यांतून काढून भिंतीपासून दोन हात पुढें घेतले. कारण कोपरा खर्जास अवास्तव फुगवितो. तिसरें, एकानें बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवावा, व ऐकणाऱ्यानें आपल्या जागीं बसून पाहावें. आरशांत जेथें स्पीकर दिसेल, तेथूनच ध्वनि उसळून कानीं येतो. त्या जागीं आम्हीं जुनी गोधडी टांगली. चौथें, जुन्या चपलांच्या रबराचे तुकडे कापून स्पीकरांखालीं बसविले. यांत सारी दुपार गेली, आणि याच उपायाचा आम्हांस सर्वांत अधिक अभिमान वाटला. शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांस आम्हीं बोलावून सांगितलें, "पाहा, स्वर कसा मोकळा झाला!"

घरांतील मुलीस मात्र शंका आली. तिनें सुचविलें कीं, आम्हीं दुसऱ्या खोलींत जावें, तिनें मनास येईल तसे तुकडे ठेवावे अथवा काढावे, आणि आम्हीं परत येऊन ओळखावें. डोळ्यांस पट्टी होती; आवाजाची पातळीही तीच ठेविली, कारण किंचित् मोठा आवाज कानास चांगलाच वाटतो. गोधडी आहे कीं नाहीं, हें आम्हीं बारांपैकीं अकरा वेळां ओळखलें. रबराचे तुकडे ओळखले ते बारांपैकीं सहा वेळां. नाणें उडविलें असतें तरी एवढेंच साधलें असतें.

येथें कोणी म्हणेल, "आनंद झाला ना? मग तो कशानें झाला याची चौकशी कशास?" या आक्षेपांत तथ्य आहे, आमचा आनंद खोटा नव्हता. परंतु 'आम्हांस आनंद झाला' हें एक विधान, व 'स्वर सुधारला' हें दुसरें. पहिल्यास आमची एकट्याची साक्ष पुरे; दुसऱ्यावर विसंबून दुसरा मनुष्य पैसे खर्चितो. आमच्या शब्दावरून ते शिक्षक आपल्या स्पीकरांसाठीं मुंबईहून जड, महाग घडवंच्या मागविणार होते. अशा वेळीं आमचें मौन निरुपद्रवी राहिलें नसतें. कान सहसा खोटें बोलत नाहीं. श्रमाचा अभिमान त्याच्याकडून हवें तें वदवून घेतो.

तरीही त्यांच्या दारीं जाण्यास आम्हांस दोन दिवस धैर्य झालें नाहीं. अखेर सर्व प्रयोग सांगितला, तेव्हां ते किंचित् रुष्ट होऊन म्हणाले, "मला तर फरक ऐकूं येतो." आम्हीं वाद घातला नाहीं. आपली शिफारस तेवढी परत घेतली. आणि येतांना, भिंतीवरून सरकविण्यासाठीं, तो आरसा त्यांच्याकडे ठेवून आलों.