परतीचं तिकीट कुणाच्या नावाचं?

चाळिशी ओलांडलेली चार मराठी माणसं सिंगापुरात एकत्र जमली की गप्पा तीन विषयांवर येऊन थांबतात: मुलांची पीएसएलई, स्वतःचे गुडघे आणि "रिटायर झाल्यावर काय? इथेच, की पुण्याला?" पहिल्या दोन विषयांवर प्रत्येकाकडे ठाम सल्ला असतो. तिसऱ्यावर मात्र जो तो आपली एक्सेल शीट उघडतो. मी तर आयटीवाला, तेव्हा माझीही शीट आहे हे वेगळं सांगायला नको!

शीटमधल्या रकाने आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. पीआर सोडून कायमचं निघालं तर सीपीएफची रक्कम हातात मिळते. राहिलं तर पासष्टीनंतर सीपीएफ लाइफमधून दरमहा पैसे मिळू शकतात, आणि नागरिक व पीआर या सर्वांना २०१५ पासून लागू असलेलं मेडिशील्ड लाइफचं विमाछत्र डोक्यावर राहतं. पीआर सोडली की ते छत्रही मिटतं. इथलं नागरिकत्व घ्यावं, तर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, कारण दुहेरी नागरिकत्व दोन्ही देशांना मान्य नाही. ओसीआय कार्डावर भारतात हवं तितकं राहता येतं. पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

इतकं सगळं पाठ असूनही निर्णय काही होत नाही. मला वाटतं, याचं कारण हा प्रश्न मुळात हिशेबाचा नाहीच. "कुठे सुखात राहू?" असं आपण विचारतो, पण मनात टोचत असतं ते वेगळंच. म्हातारपणी आपला भार कुणावर तरी पडणार. तो कुणावर टाकण्याचा आपल्याला हक्क आहे?

आपल्याआधी हा प्रवास केलेला माणूस म्हणजे गिरणगावातला चाकरमानी. कोकणातून, साताऱ्याकडून तो मुंबईला आला, चाळीतल्या एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर पाळीपाळीने झोपला, खाणावळीत जेवला आणि दरमहा गावी मनीऑर्डर पाठवत राहिला. नोकरी संपली की तो गावी जायचा. १९८२ च्या संपानंतर तर कित्येकांना वेळेआधीच जावं लागलं. पण "कुठे राहायचं?" हा प्रश्न त्याला सहसा पडत नसे, कारण त्याचं बिऱ्हाड गावातच होतं. बायको-मुलं, म्हातारे आईवडील, भावकीतला बांधावरून चाललेला तंटासुद्धा! मुंबईला त्याने फक्त आपले हात नेले होते.

आपण बिऱ्हाडच उचलून आणलं. शिकायला म्हणून मी आधी अमेरिकेला गेलो, एमएस केलं, मग नोकरीने इथे आणलं. मुलगा इथेच जन्मला. आता काही वर्षांत त्याला नॅशनल सर्व्हिसचं बोलावणं येईल. आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे, की नोकरीवर पीआर मिळवणाऱ्या बापाला त्यातून सूट असते, मुलाला नसते. म्हणजे दोन वर्षं गणवेश घालून या देशाचं देणं तो फेडणार, आणि आम्ही त्याला सांगणार की "बरं का, आपलं घर तिकडे आहे." त्याने उलट विचारलं, "आपलं म्हणजे कुणाचं?", तर माझ्याकडे सरळ उत्तर नाही. परतीचं तिकीट काढलं तर ते दोघांचंच असेल, तिघांचं नाही, हे निदान कबूल तरी करायला हवं.

ही झाली पुढची पिढी. मागच्या पिढीचं गणित याहून अवघड. माझी आई सांगलीला असते. ती शहात्तर वर्षांची आहे आणि माझ्या निवृत्तीला अजून पंधरा-सोळा वर्षं आहेत. तेव्हा "रिटायर झालो की परत जाऊ" या वाक्यात आई कुठे बसते? मातृभूमीची ओढ म्हणून आपण जे बोलतो, ते पुष्कळदा त्या भूमीवरची माणसं गेल्यानंतरचं बोलणं असतं. हे कडू आहे, पण खरं आहे.

सिंगापूरने या बाबतीत कायद्याचा आधार घेतला. नामनियुक्त खासदार वॉल्टर वून यांनी मांडलेलं आईवडिलांच्या पोटगीचं विधेयक इथे १९९५ साली मंजूर झालं. भारतातही तशाच उद्देशाचा कायदा २००७ साली आला. कायद्याने पोटगी मिळते, सोबत मिळत नाही, हे दोन्हीकडे सारखंच. घरबांधणीतूनही इथे प्रयत्न झाले. आईवडिलांजवळ फ्लॅट घेणाऱ्यांना अनुदान मिळतं. काम्पुंग अ‍ॅडमिरल्टीमध्ये तर ज्येष्ठांची घरं, दवाखाना, हॉकर सेंटर आणि पाळणाघर एकाच संकुलात आहे. सरकार भिंतीला भिंत लावून देऊ शकतं. दार ठोठावायचं काम मात्र ज्याचं त्यानेच करायचं.

सांगलीत शेजारच्या काकू रोज सकाळी आईकडे डोकावतात. दूध आलं का, गोळी घेतली का, विचारतात. त्यामागे चाळीस वर्षांची देवाणघेवाण आहे: विरजणाची वाटी, दवाखान्यातली जागरणं, लग्नकार्यातलं राबणं. निवृत्त होऊन उद्या मी त्याच घरात राहायला गेलो, तर माझ्याकडे कोण डोकावेल? आईच्या खात्यावरची ती पुण्याई माझ्या नावावर ट्रान्सफर होत नाही. डॉलर नेले तर चोवीस तासांची बाई ठेवता येईल, ज्येष्ठांच्या संकुलात चांगली सदनिकाही घेता येईल. त्यात गैर काहीच नाही. पण त्याला "आपल्या माणसांत परतलो" म्हणणं जरा धाडसाचंच.

कुणी म्हणेल, नात्यांचा असा जमाखर्च मांडायचा असतो का? माझं म्हणणं उलट आहे. हा जमाखर्च नव्हे, सवय आहे. ज्यांनी आपल्याला अडीअडचणीला हाक मारली, त्यांनाच आपण उद्या संकोच न बाळगता हाक मारू शकतो. म्हणून निवृत्तीनंतरचा पत्ता साठीला ठरत नाही. आज, चाळिशी-पंचेचाळिशीत, आपण कुणाच्या उपयोगी पडतो, त्यावरून तो नकळत ठरत असतो.

आम्ही उभयतांनी शीट सध्या बंद केली आहे. सुट्टीत आता दोन आठवडे नातेवाइकांच्या घरी फराळ करत फिरायचं नाही. पाहुण्यासारखं नव्हे, घरच्यासारखं सांगलीत राहायचं. आईला डॉक्टरांकडे न्यायचं, बँकेची कामं करायची, काकूंचा मोबाइल दुरुस्त करून द्यायचा. मुंबई साडेपाच तासांवर आहे, वर्षात दोनऐवजी चार फेऱ्या परवडतात. त्यासाठी निवृत्तीची वाट पाहायला नको. आणि इथे, ज्या एचडीबीच्या मजल्यावर इतकी वर्षं राहिलो, तिथल्या एकट्या राहणाऱ्या चिनी आजींचं जड सामान वर आणून द्यायचं. त्यांना मराठी येत नाही, मला होक्कियन येत नाही. पण गुडघेदुखीला भाषा लागत नाही!

शेवटी सांगली की सिंगापूर, ते अजून ठरलेलं नाही. कदाचित आमच्या हातात राहणारही नाही. पण दोन्हीकडच्या दोन-चार दारांवर हक्काने टकटक करता आली पाहिजे, एवढी तयारी आत्तापासून करता येते. तुमच्या शीटमध्ये हा रकाना आहे का, मंडळी?