सहावं माणूस

लेकरू जन्माला येतं ते एक तोंड आणि दोन हात घेऊन, हे आमच्या आजीचं ठाम मत. एका तोंडाला दोन हात पुरून उरतात, मग घरात माणूस वाढलं तर रडायचं कशाला, असा तिचा हिशेब. त्या काळी चावडीच्या भिंतीवर लाल त्रिकोण रंगवलेला होता आणि शेजारी आईबाप नि दोन पोरं हसत उभी. ते चित्र बघून आजी म्हणायची, "ह्यांच्या घरातनं खुरपायला कोण जातं रं?"

सरकार तोंडं मोजत होतं, आजी हात मोजत होती. १९७२ च्या दुष्काळात आजीचा हिशेब खरा ठरल्यासारखा वाटला. आमच्या पुरंदर तालुक्यात तर गवताची काडी राहिली नव्हती. दुष्काळी कामावर मजुरी मिळायची ती हातांना. आई, आबा आणि थोरला भाऊ खडी फोडायला जायचे, म्हणून घरात मिलोची लाल भाकरी तरी शिजायची. पण सांजच्याला विहिरीत पोहरा सोडला की चिखल वर यायचा. तिथं हात किती आहेत याला काही अर्थ नव्हता. हातांनी खडी फुटते, पाणी वाढत नाही.

त्याच सुमाराला पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे आमच्या तालुक्यात फिरले आणि पुढं नायगावला देवस्थानची ४० एकर जमीन करारानं घेऊन तिथंच त्यांनी काम उभं केलं. त्यातून पाणी पंचायत निघाली. आमच्या गावात ती योजना झाली नाही, पण तिचे नियम आबा सासवडच्या बाजारातून ऐकून आले आणि पारावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं. माणशी अर्ध्या एकराचं. ज्याला जमीन नाही त्यालाही हिस्सा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येणार नाही, तो गटाकडं परत. आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं पाणी. म्हणजे घरात कितीही माणसं असोत, मोजायची पाचच.

वीस एकरवाल्यांना माणशी मोजणीच पटली नाही. आमच्या घरात मात्र भांडण पेटलं ते पाचाच्या आकड्यावरून. आजी, आई, आबा आणि आम्ही चौघं भावंडं, अशी सात माणसं. आजी म्हणाली, "मला धरू नका, म्हातारीला काय लागतंय. तरी सहा उरत्यात. धाकट्याला काय सांगायचं, तुला तहान लागू द्यायची न्हाई म्हणून?"

धाकटा मीच. सहावं माणूस.

आबा शांतपणे म्हणाले, "त्याचं पाणी कुनी काढून घेत न्हाई, आये. अडीच एकरात आपुन सहा जनांनी भागवायचं. वरच्या आळीला नवराबायको दोघंच हाईत. आपल्यात जास्त पोरं झाली म्हणून त्यांच्या वाट्याचं आपुन का प्यावं?"

"पोरानं काय अर्ज केला व्हता का जल्माला याया?"

यावर आबांकडं उत्तर नव्हतं. मला वाटतं, कुणाकडंच नाही. आजी म्हणत होती ते खरं, कारण आईबापांच्या निर्णयाची किंमत लेकरानं का मोजावी? आणि आबा म्हणत होते तेही खरं, कारण पाणी तेवढंच आहे आणि आपल्या घरचा वाढता आकडा शेजाऱ्याच्या ताटातून भरून काढायचा अधिकार कुणी दिला? पुढं आयुष्यभर या दोन वाक्यांपैकी एक निवडायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. पण एवढं कळलं की त्या नियमाला एक मर्यादा होती. तो वाट्याला हात घालत होता, माणसाला नाही.

माणसाला हात घालणारा नियमही आम्ही पाहिला. आणीबाणीत जीपचा आवाज आला की बापे गडी बाजरीत शिरायचे आणि अंधार पडल्याशिवाय घरी यायचे नाहीत. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. पुढच्या पिढीच्या भल्यासाठीच चाललंय, असं तेव्हाही सांगितलं जायचं. मला प्रश्न पडतो तो असा, की जी पिढी आलीच नाही तिच्या नावानं जिवंत माणसाला बाजरीत लपायला लावायचं, हे कुठलं भलं?

नंतर दांडक्याऐवजी खुर्चीचा नियम आला. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. आकडा बाहेरून बांधून घातला आणि घरात मुलगा तर हवाच, मग कुणाचा नंबर कापला जातो हे सांगायला पंडित लागत नाही. सगळा दोष या नियमाचा नाही, सोनोग्राफीवाल्यांचा आणि आपलाही आहे. पण २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली होत्या ८९४, आणि बीड जिल्ह्यात ८०७. सहावं माणूस नको म्हणता म्हणता आपण दुसरंच खोडलं.

आता तर पाळणे आपोआपच कमी झालेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात बाईमागं सरासरी १.७ मुलं निघाली. जमिनीचे तुकडे झाले हे खरंच. १९७०-७१ ला राज्यात सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४ वर आली. बांधावर बांध पडले ते माणसं वाढल्यामुळं. पण आमच्या शिवारातलं पाणी? सात माणसांच्या घराला जी विहीर पुरायची, ती तीन माणसांच्या घराला पुरत नाही. तोंडं निम्मी झाली आणि तहान चौपट. तेव्हा गर्दीला नावं ठेवून आपली सुटका होत नाही.

माझा पुतण्या यंदा दुसरी बोअर घ्यायची म्हणतोय, पाचशे फुटांची. आपला काळा पाषाण पाणी धरतो थोडं, आणि खोलवरचं पाणी मुरायला किती पावसाळे गेले असतील देव जाणे. मी म्हटलं, पुढच्यांचं काय? तो म्हणाला, "काका, जो जल्मालाच आला न्हाई त्याचं देणं कसलं? आला तर येईल, न्हाई तर न्हाई. तक्रार कोण करणार?"

पोरगं हुशार आहे. पण मी त्याला आमच्या वाटणीची आठवण दिली. त्या वेळी त्याची आई पोटुशी होती आणि आठच दिवसांपूर्वी थोरला भाऊ वारला होता. तलाठ्यापासून पंचांपर्यंत कुणीही म्हटलं नाही की जन्मालाच आला नाही त्याला हिस्सा कसला. १९५६ चा वारसा कायदाही तेच सांगतो. बाप मरताना पोटात असलेलं मूल पुढं जिवंत जन्मलं, तर ते आधीच जन्मल्यासारखं धरायचं. मुलगा की मुलगी, काळं की गोरं, काही ठाऊक नव्हतं. तरी हिस्सा राखला. ज्या वावरात तो बोअर घेणार आहे, ते वावर त्याच हिश्श्यातलं.

तो म्हणाला, "मी निदान पोटात तरी व्हतो."

बरोबर आहे. पुढचे अजून कुणाच्या पोटातही नाहीत. ते किती असतील, दोन की वीस, हे ठरवायचा हक्क मला नाही, आणि ते यावेत म्हणून कुणावर जोर करायचाही नाही. पण जे येतील त्यांना तहान लागेल, एवढं मला आजच माहीत आहे, आणि तेवढं माहीत असणं हिस्सा राखायला पुरेसं आहे.

पुतण्याला अजून पटलेलं नाही. यंदा अंजिराला ठिबक करून बघू, बोअरचं पुढच्या वर्षी, इथवर तो आला आहे.