मोटारीचे फेरफार

“कागद ज्याच्या नावावर, गाडी त्याची, बाकीची हळहळ व्यर्थ,” असे एक परिचित वकील परवा सांगोल्याच्या कचेरीबाहेर सहज म्हणाले आणि तेव्हापासून ते वाक्य मला टोचते आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांची ड्यूसेनबर्ग मोटार अमेरिकेतील संग्राहकांकडे गेली, ती आपल्याकडे परत यावी, एवढेच मी बोललो होतो.

महाराजांची मोटारींची हौस सर्वश्रुत आहे. ही गाडी मात्र जन्मतःच अनेकांची. इंजिन व चासी अमेरिकेतील इंडियानापोलिसची. बॉडी ग्राहकाने आपल्या पसंतीच्या कारखान्यातून बांधून घ्यावी या तत्कालीन रिवाजानुसार ती लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली. रंग केशरी व काळा. सुपरचार्जर लावलेल्या त्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगितली जात असे. १९३७ मध्ये मूळ कारखानाच बंद पडला.

कागदावरच्या नावाचे म्हणाल, तर मालकी व वहिवाट यांतील अंतर सांगोलेकरास कोणी शिकवावे असे नाही. १७५० साली बंडखोर यमाजी शिवदेवाच्या बंदोबस्तासाठी पेशव्यांकडील सदाशिवरावभाऊंसमवेत रामराजे छत्रपती येथे आले आणि येथेच झालेल्या कराराने राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती गेला. गादी साताऱ्यास राहिली, शिक्का छत्रपतींचाच राहिला, अंमल मात्र पुण्याचा झाला. त्या करारानंतर दौलत कोणाची, हे नुसता शिक्का पाहून कोण सांगू शकेल?

वकीलसाहेबांचा कागद म्हणजे सातबारा: आज नाव कोणाचे, एवढेच तो सांगतो. वस्तू कशी बदलत गेली हे जाणायचे तर फेरफार पाहावे लागतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनीही पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीस ‘व्हीए’ नोंदणी देताना चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट घातली. म्हणजे सरकारदप्तरीही नुसते नाव पुरत नाही.

पण जुन्या गाडीत बदल टाळता येत नाही: हाताने बांधलेल्या बॉडीचा दरवाजा उघडला, की पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाची चौकट दिसते आणि पाणी मुरून तिचा तळ बहुधा कुजलेला असतो. सुतार सबंध चौकट फेकून नवी बसवील, तर गाडी देखणी होईल. कुजका भाग तेवढा तासून नवा तुकडा सांधील, तर जुन्या हाताचे रंध्याचे माग टिकतील. जीर्णोद्धारात भरलेला नवा भाग मूळ भागापासून ओळखता यावा, हा वास्तूंसाठी १९६४ च्या व्हेनिस सनदेने घातलेला दंडक. जुन्या मोटारींसाठीच्या ट्यूरिन सनदेने त्याच न्यायाने नव्या भागांवर कायमची खूण करण्याची शिफारस केली.

हे सारे मनात घोळवीत असता गाडी परत यावी हा माझा आग्रह आपोआप गळून पडला, मात्र वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य झाले असे नाही. विकण्याचा अधिकार मालकाचा, तो मी नाकारीत नाही. परंतु जुने लाकूड खरवडून वस्तूची साक्ष नष्ट करण्याचा अधिकार त्यास कोणत्या खरेदीखताने मिळतो? उद्या ती मोटार नवी चौकट व चकचकीत रंग लेवून इंदुरास आली, तर मी तिच्या दर्शनास जाणार नाही. आणि परमुलखात एखाद्या सुताराने जुन्या लाकडास नवा तुकडा सांधून त्यावर सालाची खूण कोरली असेल, तर होळकरांची गाडी त्याच्याच हाती सुरक्षित आहे, असे मी वकीलसाहेबांना निःशंक सांगेन.